टाक आणि तिसरी हाक

कुडाळला सोनाराकडे जायचं आणि एका टाकाची कडी सांधून आणायची, एवढंच काम होतं. अर्ध्या तासाचं. त्याला आता छत्तीस वर्षं झाली आणि ते काम माझ्या अंगावरून अजून उतरलेलं नाही.

वालावलात बाबली म्हटलं की लोक आधी आपली चप्पल जागेवर आहे का बघतात. शाळा चौथीपर्यंत. पाचवीत गुरुजींच्या खुर्चीला फणसाचा चीक लावला, गुरुजी खुर्चीसकट उठले, आणि माझं शिक्षण तिथे पुरं झालं. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. फक्त वाचताना उजवा पाय घट्ट जमिनीवर टेकवून बसा. का, ते पुढे येईल.

सदानंद माझ्या शेजारचा. लहानपणी एकत्र आंबे चोरले, मार मात्र मी एकट्याने खाल्ला, कारण त्याचा चेहरा साधा. मुंबईला गॅरेजात बारा वर्षं काढून तो गावी आला, घरामागच्या मांगरात, गुरांच्या जुन्या छपरात, पाने-हातोडे मांडले आणि गाड्या दुरुस्त करू लागला. सोबत बायको, जानकी. उंच, सावळी, डोक्यात सुरंगीच्या फुलांचा वळेसर. हंगाम सरला तरी तिच्या मागून तो वास चालायचा.

आता ब्रेकची हवा काढतात कशी, ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चाकाजवळचं काम केलं की ब्रेकच्या तेलात हवा शिरते. हवा राहिली तर पॅडल लोण्यासारखं खाली जातं आणि गाडी काही थांबत नाही. म्हणून दोन माणसं लागतात. एक गाडीत बसून पॅडल दाबतो, दुसरा चाकापाशी आडवा होऊन एक छोटा निपल पान्याने ढिला करतो. निपलाला नळी, नळीचं तोंड बाटलीतल्या तेलात. हवा बुडबुडे होऊन निघते. खालचा हाका देतो, वरचा तशी वागतो. पहिली हाक, दाब. दुसरी हाक, धर. वरचा म्हणतो, धरलंय. मग खालचा निपल उघडतो, पुन्हा आवळतो, आणि त्यानंतरच तिसरी हाक देतो, की आता पाय उचल. तिसऱ्या हाकेच्या आधी पाय उचलला की बाहेरची हवा उलट आत. म्हणजे मुसळ केरात.

ती तिसरी हाक दोन अक्षरी आहे. कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा, तो सांगेल. मी सांगणार नाही. तो शब्द माझ्या तोंडून छत्तीस वर्षं निघालेला नाही आणि इथे लिहिणारही नाही. शोधायचा तर शोधा.

तर सदाच्या घरी वरचं काम जानकीचं. चुलीवर भात असला तरी ती पदर खोचून गाडीत जाऊन बसायची आणि दगडासारखं पॅडल धरायची. ‘धरलंय’ म्हणून त्याला एक ‘हां’ जोडायची, लांबवून. मी तिची नक्कल करायचो आणि अख्खी वाडी हसायची. एकदा ती विहिरीवर होती म्हणून मी पॅडलवर जाऊन बसलो, तर कळशी तिथेच टाकून आली.

“बाबल्या, उतर. माझ्या घोवाच्या गाडयेत दुसऱ्या कोणाचो पाय पडूचो नाय.”

हसत म्हणाली. पण मी उतरलो.

दोन वर्षांत काविळीने गेली.

मी तेव्हा टॅक्सी चालवायचो, कुडाळ ते वालावल. तेहतीस वर्षांचा, बिनलग्नाचा. शिरोड्याची एक मुलगी सांगून आली, आनंदी. बघायला गेलो. पोहे घेऊन ती बाहेर आली, आणि खरं सांगतो, मी जन्मात पहिल्यांदा गप्प बसलो. ते मलाच सहन झालं नाही. म्हणून तिच्या बापाच्या चहात मी साखरेच्या जागी मीठ घातलं. ती पदराआड हसली. बाप हसला नाही.

सहा महिन्यांनी सदा तिला बघून आला, आणि जमलं. नवरा-नवरीला माझ्याच टॅक्सीतून आणलं. आरशात ती दिसत होती. त्या दिवशी मी रस्त्यावरचा एकही खड्डा चुकवला नाही.

वर सदाने एक गाडी घेतली, कुणीतरी वापरलेली. तेव्हा नव्याने निघालेली ती बुटकी लाल गाडी हो, जिच्यासाठी मुंबईत लोक नंबर लावून बसायचे. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. आमच्या भागात ते कोणी पाहिलेलंही नव्हतं. जो तो त्या गाडीभोवती. माझ्या टॅक्सीवर कोंबड्या बसायच्या. मी सगळ्यांना हसवत होतो आणि आत माझी चूल पेटलेली होती. लाकूड रोज नवं पडत होतं.

दुसरेपणाच्या बायकोने मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायचा, ही आपली जुनी रीत. रुप्याचा एवढासा पत्रा, त्यावर बाईची आकृती. नवी साडी आधी टाकाला दाखवायची, मग आपण नेसायची. आधी तिचा मान, मग हिचा. सदाच्या आईने, अक्काने, तो टाक आनंदीच्या गळ्यात स्वतः घातला होता. मंगळसूत्राखाली तो लकाकायचा, आणि मला वाटायचं, हिच्या गळ्यात सदाचं सगळंच आहे, त्याची मेलेली बायकोसुद्धा. आणि मी विहिरीपलीकडे.

चैत्र लागला होता. टाकाची कडी तुटली. आनंदीने तो मला दिला, की भावजी, रोज कुडाळला जाता तर सांधून आणा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या बहिणीचं लग्न होतं शिरोड्याला आणि टाकाशिवाय अक्का तिला उंबरा ओलांडू देणार नव्हती.

सोनाराने कडी सांधली. मी टाक शर्टाच्या खिशात टाकला तसा तो चष्म्यावरून बघत राहिला.

“अंगाक लावू नको रे. तांदळाच्या पुडयेत बांधून ने. अंगाक लागलो तर वळख होता.”

मी म्हटलं, माझी तिची जुनी ओळख आहे. टाक खिशातच ठेवला. डाव्या बाजूला.

संध्याकाळी आनंदी दारात आली. मी तिचा गळा बघितला. टाक नव्हता, आणि ती पोहे घेऊन आलेली आनंदी दिसत होती. तोंडातून सरळ खोटं निघालं, की सोनार म्हणाला उद्या देतो. एक दिवस तिला तशी बघावी, आणि उद्या पुन्हा तिने विचारायला माझ्या दारात यावं, बस. एवढीच मस्करी.

रात्री दारापुढच्या खळ्यात पडलो तर सुरंगीचा वास. आमच्या वाडीत सुरंगीचं झाड नाही. मी कूस बदलली, वास माझ्याबरोबर वळला. माझ्या शर्टातून येत होता.

सकाळी सदाने गाडी काढली तर उजवं चाक जाम. खाऱ्या वाऱ्याने कॅलिपर गंजला होता. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारा तो पंजा. सदाने तो उतरवला, घासला, रबर बदललं, पुन्हा बसवला. राहिली हवा काढायची. तोवर ऊन डोक्यावर आलं. अक्का पडवीत बसून होती, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी. ती म्हणाली बाराची वेळ टाळा. सदा म्हणाला तीनला निघायचंय.

भर दुपारची वेळ तुम्ही आमच्याकडे अनुभवली नसेल तर काय सांगू. रात्री निदान बेडूक तरी बोलतात. चैत्रातल्या बाराला कावळासुद्धा चोच मिटतो. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि झावळांच्या मांगरात काळोख, त्यात तेलाचा, गंजाचा, जुन्या शेणाचा वास. गाडी जॅकवर, मागच्या चाकाला चिरा लावलेला, कारण हँडब्रेकची वायर केव्हाच तुटली होती. सदा गोणपाटावर आडवा. मी बाटली धरून उकिडवा. आनंदी गाडीत, पॅडलवर.

“दाब.”

“दाबलंय.”

“धर.”

“धरलंय.”

बुडबुडे आले. ठीक झालं. दुसऱ्या फेरीला निपल उघडा असतानाच पॅडल वर आलं. बाटलीतलं तेल नळीने उलटं घोटलं, तहानलेल्या माणसासारखं. सदा चिडला. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. मग तो जे बोलायला नको होतं ते बोलला.

“जानकी कशी धरी… तशी धर मगे.”

आनंदीचा चेहरा मला दिसत नव्हता, पण स्टेअरिंगवरची बोटं पांढरी झालेली दिसली. ते बोटं पांढरी होणं मला चांगलं ठाऊक. माझीही तशीच व्हायची.

“दाब,” सदा म्हणाला. “धर.”

“धरलंय हां…”

लांबवून. गाडीतून. आनंदीचे ओठ मिटलेले होते. ती माझ्याकडे बघत होती, आणि सदाही गोणपाटावरून मान वळवून माझ्याकडेच बघत होता. साहजिक आहे. वाडीत तो आवाज काढणारा मी एकटा.

“बाबल्या, ह्या मस्करीक मी हसूचंय नाय.”

मी शपथ घेतली. माझी शपथ ती काय. जन्मभर लोकांना फसवलं आणि ज्या एका दुपारी खरं बोललो, तेव्हा कोणी ऐकलं नाही. पडवीतून अक्काचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा, जसं कोणी बाजारातून परतलंय.

“जानकी इली काय रे? वास येता.”

आनंदी गाडीतून उतरली. पाय लंगडत होता.

“माझ्या पायार पाय दिल्यान,” ती हळूच म्हणाली. “सारून लावता माका… जोडवी रुतली.”

तिची जोडवी तिच्या बोटांत होती. आणि पायाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मुळाशी, दोन गोल वळ होते, लाल.

सदाने ते बघितलं, पण बघायचं नव्हतं म्हणून बघितलं नाही. मला म्हणाला, बस वर. मी बसलो. टाक खिशात. पॅडलवर पाय ठेवला, आणि हळूच, ओल्या मातीसारखं गार काहीतरी माझ्या पायावर येऊन बसलं. आनंदीला सारलं तसं मला सारलं नाही. ओळख असल्यासारखं बसलं. सदा म्हणेल तेव्हा दाबत होतं, म्हणेल तेव्हा उचलत होतं. मला काहीच करावं लागलं नाही. पाच-सहा फेऱ्यांत बुडबुडे संपले, नळीत तेल स्वच्छ.

सदा हात पुसत उठला. “बरो दाबतंस रे. जानकीसारखो.”

तेव्हाच टाक काढून द्यायचा होता. अजूनही अर्ध्या रात्री उठून मी तो मनातल्या मनात देतो. पण दिला असता तर आनंदीला कळलं असतं की काल मी तोंडावर खोटं बोललो, आणि का बोललो तेही तिला कळलं असतं. मी खिशावर हात ठेवून उभा राहिलो. वर मनात एक वाईट कोंब फुटला होता, तोही सांगतो. होऊ दे जरा भांडण, असं वाटलं. जाऊ दे तिला माहेरी रुसून.

तीनला ती निघाली. अक्काने विचारलं, टाक खंय? आनंदी म्हणाली, सोनाराने दिला नाही. अक्का म्हणाली, मग तिच्या घोवाच्या गाडीत बसू नको, बाबलीच्या टॅक्सीतून जा. आनंदीने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग सदाच्या शेजारी जाऊन बसली.

आमच्या वाडीतून खाली जायचा उतार तुम्ही बघितला असेल. चिऱ्यांच्या दोन गडग्यांमधून सरळ खाली, आणि खाली वळणावर खाडी. मधे काही नाही. गाडी उताराला लागली. मी वर उभा. आधी नेहमीसारखी गेली, मग जरा जास्तच. मागचे लाल दिवे लागेनात. सदाचं डोकं खाली वाकलेलं दिसलं, पुन्हा पुन्हा, जसा माणूस पायाने काहीतरी शोधतो. मग आनंदीचा हात खिडकीतून बाहेर आला. हाक नाही, काही नाही. नुसता हात.

खिशातला टाक तापला. मी धावलो, पण मी कुठे पोचणार? ओरडलो सदाच्या नावाने. त्याचा उपयोग नव्हता, पॅडल त्याच्या पायाखाली नव्हतंच. मग मला जे सुचलं ते मी केलं. आयुष्यात एकदाच मस्करी न करता त्या बाईला हाक मारली.

“जानकी… दाब! जानकी, धर!”

कानाशी, अगदी डाव्या कानाशी, वासासकट…

“धरलंय हां…”

खाली लाल दिवे लागले. गाडी दगडावर आपटल्यासारखी थांबली. पुढची चाकं खाडीच्या चिखलात, पुढे पाणी.

सदा म्हणाला, पॅडल लोण्यात सुरी जावी तसं तळाला जात होतं, आणि एकदम पायाखाली दगड झालं. मी धापा टाकत पोचलो, टाक आनंदीच्या हातावर ठेवला. खोटं कबूल केलं, का बोललो ते सोडा-वॉटरच्या बाटलीसारखं आत दाबलं…

थांबा. बघा, काय झालं हे. लिहिण्याच्या नादात तो शब्द दुसऱ्याच्या पोटात लपून आला की नाही? कागद मी उलटा ठेवला, अर्धा तास खुर्चीत गप्प बसलो. काही झालं नाही. हाक म्हणून मारलेला नव्हता, म्हणून मोजला नसावा. पुढे जातो.

सदाने एक कानाखाली दिली. ती मी घेतली. आनंदीने टाक गळ्यात घातला, डोळे मिटून दोन क्षण तो मुठीत धरला. त्यांचं पुढे छान झालं. दोन मुली, मोठं गॅरेज, मांगरात तीच लाल गाडी. पण त्या दिवशी पाण्याच्या काठावर ती मला बाजूला घेऊन म्हणाली,

“भावजी, तुमी तिका दोन हाका मारलात. तिसरी मारूक व्हयी.”

मी गाडीकडे बघितलं. ती उताराच्या टोकाला होती, नाक पाण्यात, आणि सदा ती मागे घ्यायला पुन्हा आत बसला होता. तिसरी हाक मारली आणि तिने पाय उचलला तर? म्हटलं, उद्या मारू. उद्या ते बाजाराला निघाले. पुढे मुली झाल्या, त्यांना डॉक्टरकडे. रोज त्यांची गाडी कुठल्या तरी उतारावर असायचीच. मी कसा मारणार?

आणि ती धरून राहिली. माझा पाय. बसलो की उजव्या पायावर गार ओझं, जोडव्यांसकट. पुढे तारकर्लीला एक मुलगी बघायला गेलो. तिने कप पुढे केला आणि मटकन खाली बसली, पाय धरून. दोन गोल वळ. मी चहा न पिता उठलो. तेव्हापासून कुठल्याही बाईच्या हातून मी कप घेत नाही, जमिनीवर ठेवायला सांगतो. लोक म्हणतात म्हातारा सोवळा झाला. टॅक्सी विकली, दात गेले, ती गेली नाही. एका अर्थी माझाही संसार झालाच की. सदाला दोन बायका, त्यातली एक माझ्याकडे. मनात मी पुष्कळ हसायचो.

गेल्या श्रावणात सदा गेला.

बाराव्यानंतर आनंदी आली. केस पांढरे, गळ्यात टाक नाही, पायांत जोडवी नाहीत. अंगणातच उभी राहिली.

“आता मारा ती हाक. गाडी उभी आसा, खंय जावची नाय. तिका जांवदे त्येंच्याकडे.” मग म्हणाली, “मी माझ्या नंबराची वाट बघीन.”

आणि बघा, सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या पोटात तीच जुनी चूल भडकली. एक तिकडे जायला टपलेली, दुसरी इकडे रांगेत उभी. दोघी त्याच्याच. मग मी काय, निपलाखालची बाटली? मी दात नसलेलं हसू हसलो. म्हटलं, वहिनी, तो शब्द विसरलोय. ती माझ्या पायाकडे बघत गेली.

काल दुपारी मी खुर्चीत बसलो होतो. बारा वाजले असतील. कावळा गप्प. सदाच्या मांगराला कुलूप आहे, किल्ली आनंदीच्या कमरेच्या जुडग्यात. त्या बंद मांगरातून गोणपाटावर आडवं होऊन बोलावं तसा दबका आवाज आला. सदाचा. त्याने तिसरी हाक मारली.

माझ्या पायावरचं ओझं उचललं गेलं. छत्तीस वर्षांनी पाय हलका झाला. आनंद व्हावा ना? पण मला असं एकटं वाटलं, असा राग आला, की मी खुर्चीतून अर्धा उठून ओरडलो.

“धर!”

सुरंगीचा वास विरत विरत गेला. उत्तर आलं नाही.

मग हळूच, उजव्या पायावर, पाय आला. गार, जड, ओळखीचा बसला.

फक्त ह्या वेळी बोटांत जोडवी नव्हती. आणि मांगराच्या बाजूने आनंदीच्या किल्ल्यांचा आवाज येत होता.